इंग्लंडमधली केअर होम आणि हॉस्पिटलांची तपासणी: सुधारणा नेमकी कुठून सुरू व्हावी?

रानजाई

इंग्लंडमध्ये हॉस्पिटल, जीपी सर्जरी (म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना) किंवा केअर होममध्ये काम करणाऱ्याला सीक्यूसी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. २००८ च्या कायद्याने तीन जुन्या संस्था एकत्र करून केअर क्वालिटी कमिशन (सीक्यूसी) स्थापन झालं आणि एप्रिल २००९ पासून कामाला लागलं. हॉस्पिटलं, दवाखाने, डेंटिस्ट, अँब्युलन्स, केअर होम, घरी केअरर पाठवणाऱ्या कंपन्या, सगळे त्याच्या अखत्यारीत येतात. नोंदणी तिथेच, तपासणी तिथूनच, आणि गरज पडली तर नोंदणी रद्द करून सेवा बंद करायचा अधिकारही त्यांचाच. पाच गोष्टी तपासतात: सेवा सुरक्षित आहे का, तिचा गुण येतो का, ती आपुलकीने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि कारभार नीट आहे का. त्यावरून आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॲडिक्वेट असा दर्जा मिळतो.

२०२४ पासून या संस्थेचीच झाडाझडती चालू आहे. डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अंतरिम अहवाल जुलै २०२४ मध्ये आला आणि अंतिम अहवाल ऑक्टोबरमध्ये. त्यातल्या काही गोष्टी वाचून मी हादरले. तपासणीचा अधिकार असलेल्या दर पाच ठिकाणांपैकी एकाला कधीच दर्जा मिळालेला नव्हता. २०१९-२० मध्ये जवळपास १६,००० तपासण्या झाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये फक्त ७,०००. एका एनएचएस (म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या) हॉस्पिटलचा दर्जा सुमारे दहा वर्षं जुना होता. हॉस्पिटल तपासणाऱ्या काही इन्स्पेक्टरांनी त्याआधी कधी हॉस्पिटलात पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि केअर होम तपासायला येणाऱ्यांपैकी काहीजण डिमेन्शिया असलेल्या माणसाला कधी भेटलेलेच नव्हते. ही संस्था कामाच्या लायकीची राहिलेली नाही, असं आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनीच जाहीर करून टाकलं.

मी एका केअर होममध्ये सिनिअर केअरर आहे, म्हणून डिमेन्शियाचा मुद्दा मला फार लागला. संध्याकाळ व्हायला लागली की आमच्याकडचे काही रेसिडेंट अस्वस्थ होतात. दार शोधत फिरतात, घरी जायचंय म्हणतात, आईची वाट बघतात. अशा वेळी केअरर त्यांचा हात धरून कॉरिडॉरमध्ये दोन चकरा मारते, की खुर्चीत बसवून पुढ्यात टेबल सरकवते म्हणजे उठताच येऊ नये, यावरून त्या होमची खरी पारख होते. टेबल सरकवल्याची नोंद कुठल्याही चार्टवर नसते. इन्स्पेक्शन सकाळी सुरू होऊन पाच वाजता संपलं तर ते दिसणारही नाही. दिसलं तरी त्याचा अर्थ कळायला आधी अशा माणसांमध्ये वावरलेलं असावं लागतं.

अनुभवी इन्स्पेक्टर हवेत, तपासण्या वाढायला हव्यात, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. माझं म्हणणं त्याच्याही आधीच्या टप्प्याबद्दल आहे. गाजलेली कुठलीही भयंकर प्रकरणं काढून बघा, कोणीतरी आधी सांगितलेलं असतं.

स्टॅफर्ड हॉस्पिटलात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले, ते त्यांचे नातेवाईक ओरडून सांगत होते. आई वारल्यावर ज्युली बेली यांनी २००७ मध्ये इतर कुटुंबांना गोळा करून मोहीम उभी केली. आणि २००८ च्या फेब्रुवारीत ते हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टलाच फाउंडेशन ट्रस्टचा, म्हणजे जास्त स्वायत्ततेचा, मान मिळाला! रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल यायला २०१३ उजाडलं. त्यात २९० शिफारशी होत्या.

ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी हॉस्पिटलात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना मारहाण होत होती. टेरी ब्रायन नावाच्या सिनिअर नर्सने मॅनेजमेंटला लिहिलं, सीक्यूसीला कळवलं. काही हललं नाही. शेवटी बीबीसीच्या पॅनोरमाने छुपा कॅमेरा आत नेला आणि मे २०११ मध्ये देशाने ते पाहिलं. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. एका पेशंटमागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड घेणारी ती जागा होती.

काउंटी डरममधल्या व्हॉर्ल्टन हॉल या अशाच हॉस्पिटलच्या बाबतीत तर खुद्द सीक्यूसीचा इन्स्पेक्टर सांगत होता. बॅरी स्टॅन्ले-विल्किन्सन यांच्या टीमने २०१५ मध्ये तपासणी करून गंभीर काळजी नोंदवली, पण तो अहवाल तेव्हा प्रसिद्धच झाला नाही. पुढे त्या जागेला गुड मिळालं. २०१९ मध्ये पुन्हा पॅनोरमा, पुन्हा छुपा कॅमेरा.

दरवेळी माहिती होती, मग दरवेळी कॅमेराच का लागला? म्हणून मला वाटतं, सुधारणेची सुरुवात इथून व्हावी: कोणी सांगितलं तर ते कुठे जातं, किती दिवसांत कोणी दारात येऊन उभं राहतं, आणि सांगणाऱ्याचं पुढे काय होतं. दर्जाची चौकट, गुणांकन, पोर्टल हे सगळं त्यानंतर.

यात आपला संबंध थेट आहे. २०२२ पासून केअररच्या व्हिसावर परदेशातून हजारो माणसं इथे आली, त्यात आपली मराठी मुलंमुलीही आहेत. व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर असतो. मालकाचं लायसन्स गेलं तर दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. रात्रपाळीत खरोखर काय चालतं हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत असतं, त्याच माणसाचं इथलं राहणं त्या मालकाच्या हातात. तो सीक्यूसीला फोन कसा करणार? डॅश अहवालावर मी जेवढी चर्चा वाचली तिच्यात हा प्रश्न मला जवळजवळ दिसलाच नाही. तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील.

सह्यकडा

चांगला विषय काढलात. मी एका केअर होमचा रजिस्टर्ड मॅनेजर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही लिहितो.

तक्रारीवर तातडीने कोणी यावं हे मान्य. पण मॅनेजरच्या खुर्चीतून बघा. इनॲडिक्वेट हा एक शब्द लागला की काउन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) नवीन माणसं पाठवणं थांबवते, खाटा रिकाम्या पडतात, पैसे आटतात, चांगला स्टाफ आधी निघून जातो. सहा महिन्यांत पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही जमलं नाही तर होम बंद. त्या वेळी नव्वदीतल्या माणसाला ट्रॉलीवरून दुसऱ्या गावातल्या होममध्ये हलवावं लागतं. तो हादरा सगळ्यांना पेलत नाही. म्हणून तक्रार आली की लगेच दंडुका नको, आधी जाणकार माणूस यावा, बघावं, बोलावं.

दुसरं, पैसा. काउन्सिलने पाठवलेल्या माणसांमागे केअर होमला किती पैसे द्यायचे हे काउन्सिल ठरवते. कमी दराने करार लादणारी काउन्सिल कित्येक वर्षं कोणाच्याच तपासणीत नव्हती. २०२२ च्या कायद्याने ते काम सीक्यूसीकडे आलं आणि २०२३ पासून सुरू झालं. त्याआधी दोष फक्त होमच्या माथी. इंग्लंडमध्ये केअर होमला किती रेसिडेंटमागे किती केअरर असा आकडाही कायद्यात नाही, 'पुरेसा' स्टाफ हवा एवढंच. पुरेसा म्हणजे किती, यावर प्रत्येक इन्स्पेक्टरशी मी वेगळा वाद घातलेला आहे.

आणि ती नवी चौकट! २०२३ च्या अखेरीस सिंगल असेसमेंट फ्रेमवर्क आणलं. ३४ क्वालिटी स्टेटमेंट्स, हॉस्पिटलालाही तीच, सहा खाटांच्या होमलाही तीच. प्रत्येकाला गुण आणि त्यांची बेरीज करून दर्जा. काही गुण ताज्या भेटीतले, काही जुन्या भेटीतले, म्हणजे आज मिळालेल्या दर्जात काही वर्षांपूर्वीच्या तपासणीचा वाटा. वर पोर्टल धड चालेना. आमची माहिती भरायला रात्री बसावं लागायचं आणि सबमिट होईलच याची खात्री नसायची. या काळात फोनवर बोलता येईल असा आपल्या भागाचा ओळखीचा इन्स्पेक्टरही उरला नाही. पूर्वी तो असायचा. त्याला होमचा इतिहास माहीत असायचा, मॅनेजर बदलला की तो स्वतः फोन करायचा. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

रानजाई

सह्यकडा, ओळखीच्या इन्स्पेक्टरबद्दल शंभर टक्के सहमत. सांगणाऱ्यालाही त्याचाच आधार असतो. कॉल सेंटरमधल्या अनोळखी माणसाला फोन करून रेफरन्स नंबर घेणं वेगळं, आणि आमच्या होमचा नकाशा डोक्यात असलेल्या बाईशी बोलणं वेगळं. 'रात्री वरच्या मजल्यावर एकच जण असतो' एवढं वाक्य तिला पुरतं, कारण वर हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) लागणारे किती आहेत आणि त्यासाठी दोन माणसं लागतात हे तिला आधीच माहीत असतं.

तुमच्या दंडुक्याच्या मुद्द्यावर मात्र थोडा मतभेद आहे. होम बंद झाल्यावर रेसिडेंटचे हाल होतात हे खरंच. पण तिथपर्यंत वेळ का येते? पहिल्या चार गोष्टी कोणीतरी सांगितल्या तेव्हा कोणी आलं नाही म्हणून. पहिल्या आठवड्यात आलं असतं तर एखादी वॉर्निंग नोटीस पुरली असती.

तगर

मी नागपूरला असते. माझी मावशी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये आहे. मावसभावाने वेबसाइटवर गुड बघून होम निवडलं. आता हा धागा वाचून त्याला विचारलं तर म्हणाला, तो अहवाल २०१९ चा आहे! मग त्या गुडला काय अर्थ उरतो? आम्ही घरच्यांनी काय बघायचं?

रानजाई

तगरताई, आधी घाबरू नका. जुना अहवाल म्हणजे वाईट होम असं नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नेहमीच्या तपासण्या थांबवल्या आणि ती घडी नंतर नीट बसलीच नाही. २०२४ च्या मध्यावर सगळ्या दर्जांचं सरासरी वय जवळपास चार वर्षं होतं.

अहवालात मी सगळ्यात आधी तारीख बघते, मग कारभाराचा भाग. तेव्हाचा रजिस्टर्ड मॅनेजर आजही तिथेच असेल तर तो गुड बराचसा खरा मानायला हरकत नाही. मधे तीन मॅनेजर बदलले असतील तर तो अहवाल दुसऱ्याच होमचा आहे असं समजून चाला. केअर होममध्ये मॅनेजर बदलला की सहा महिन्यांत सगळं बदलतं, चांगल्यासाठी किंवा वाईटासाठी.

भावाला म्हणावं, रविवारी संध्याकाळी जा. सोमवार ते शुक्रवार दिवसा सगळीच होम बरी दिसतात. कॉल बेल वाजल्यावर किती वेळ वाजत राहते ते ऐक. मावशीच्या खोलीतला पाण्याचा ग्लास भरलेला आहे का यापेक्षा तो तिच्या हाताला पोचतो का ते बघ. फ्लुइड चार्ट मागून घे. दर दोन तासांनी अगदी ठरल्यासारखं '२०० मिली' लिहिलेलं असेल तर शिफ्टच्या शेवटी एकदम भरलेला चार्ट आहे हे ओळख, कारण कोणतंही म्हातारं माणूस असं मोजून पाणी पीत नाही. केअररना मावशीबद्दल विचार. तिला काय आवडतं, पूर्वी काय करायची, हे दोन-तीन केअरर न बघता सांगू शकले तर निम्मी काळजी मिटली. एजन्सीचा स्टाफ किती असतो हेही सरळ विचारायचं, उत्तर देताना मॅनेजर अडखळतो का ते बघायचं.

आणि तक्रार असेल तर एक लक्षात ठेवा. एका माणसाच्या तक्रारीचा निवाडा सीक्यूसी करत नाही, फक्त ती माहिती तपासणीसाठी वापरते. आधी होमकडे लेखी तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन. स्वतःच्या पैशाने राहणाऱ्यांनाही तिथे जाता येतं. मारहाण, उपासमार, औषधांची हेळसांड अशी शंका असेल तर मात्र थांबायचं नाही, काउन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला त्याच दिवशी कळवायचं.

तगर

खूप आभार. हे सगळं भावाला पाठवते. ग्लास हाताला पोचतो का, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नसतं.

निरंजनी

मी लर्निंग डिसॅबिलिटी आणि मेंटल हेल्थ क्षेत्रात नर्स आहे. विंटरबोर्न आणि व्हॉर्ल्टन या दोन्ही प्रकरणांनी आमच्या क्षेत्राची झोप उडवली, म्हणून लिहिते.

व्हॉर्ल्टन हॉलबद्दल मला सर्वात बोचणारी गोष्ट ही आहे की तिथे माणसं येत नव्हती असं नाही. बीबीसीच्या म्हणण्यानुसार अत्याचार उघडकीला येण्याआधीच्या वर्षात वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांच्या किमान १०० भेटी झाल्या होत्या. शंभर भेटी! यावरून 'जास्त तपासण्या करा' एवढंच उत्तर अपुरं आहे हे कळतं. बाहेरचा माणूस आला की बंदिस्त जागेतला स्टाफ क्षणात वेगळा वागतो. आणि ज्यांना मारतात त्यांच्यातल्या कित्येकांना बोलता येत नाही, किंवा बोलले तर 'याच्या वागण्याचा हा भाग आहे' असं केअर प्लॅनमध्ये लिहून ठेवलेलं असतं. तिथे अविश्वासाची सोय आधीच करून ठेवलेली असते.

प्रोफेसर ग्लिनिस मर्फी यांनी नंतर सीक्यूसीसाठी या प्रकरणाचा अभ्यास केला. न कळवता जा, संध्याकाळी जा, शनिवार-रविवारी जा, असं त्यांनी सांगितलं. त्यातून बंदिस्त संस्कृतीची लक्षणं ओळखण्यावर भर आला: गावापासून लांबची जागा, घरच्यांचं येणं-जाणं कमी, वर्षानुवर्षं तिथेच अडकलेले पेशंट, स्टाफची सतत ये-जा, अप्रशिक्षित माणसं, धरून ठेवण्याच्या घटना जास्त. ही लक्षणं दिसली की दर्जा काहीही असो, धोका मानून चालायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं एक साधन आहे ज्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही, सोफी. ब्रॅडफर्ड विद्यापीठाबरोबर तयार केलेली निरीक्षणाची पद्धत. इन्स्पेक्टर लाउंजमध्ये एका कोपऱ्यात बसतो, बोलू न शकणारी काही माणसं निवडतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो: माणूस आनंदी आहे, अस्वस्थ आहे की गप्प मिटलेला, कशात गुंतलाय का, स्टाफ त्याच्याशी कसा वागला. कागद बघायचा नाही, फक्त माणसाकडे बघायचं. मी अशी एक बैठक जवळून पाहिली आहे. तासाभरात त्या लाउंजबद्दल जे कळलं ते वर्षभराच्या ऑडिट फाइलींत नव्हतं. एका बाईंशी त्या तासात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. त्यांना औषध दिलं गेलं, उशी बदलली गेली, चहा समोर ठेवला गेला, सगळं न बोलता. औषधांच्या चार्टवर सही होती, कूस बदलल्याची नोंद होती, म्हणजे कागदावर त्या बाईंची उत्तम काळजी घेतली गेली होती.

सोफी करायला वेळ लागतो आणि शिकलेला माणूस लागतो. तपासणीचे तास कापले की पहिला बळी त्याचा जातो. सुधारणेचा पैसा नवीन सॉफ्टवेअरवर घालण्याआधी इथे घाला, असं मी कुठेही सांगेन.

सह्यकडा

निरंजनी, तो चहाचा प्रसंग वाचून मी आज आमच्या लाउंजमध्ये स्वतः बसलो. पुढच्या टीम मीटिंगमध्ये यावर बोलणार आहे. मॅनेजरलाही सोफीचं प्रशिक्षण मिळायला हवं. तपासणीची वाट कशाला बघायची?

आभाळवाट

मी बेलफास्टला असतो, म्हणून तुलनेसाठी लिहितो. सीक्यूसी फक्त इंग्लंडपुरती. स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टोरेट आणि हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंड, वेल्समध्ये आरोग्य आणि केअरच्या दोन वेगळ्या तपासणी संस्था, आमच्याकडे आरक्यूआयए.

आमच्याकडे नर्सिंग होम (नर्स असलेलं केअर होम) आणि रेसिडेन्शियल होमला वर्षातून किमान दोन तपासण्या व्हाव्यात असं २००५ च्या नियमांतच लिहिलंय. इंग्लंडमध्ये कायद्याने असा किमान आकडा नाही, म्हणून तिथे सहा-सात वर्षांचे अहवाल लटकलेले दिसतात. आमच्याकडे म्हणून सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. बेलफास्टजवळच्या डनमरी मॅनर केअर होमवर ज्येष्ठांच्या आयुक्तांनी २०१८ मध्ये जो अहवाल दिला तो वाचवत नाही. म्हणजे नियमित भेटी होत असतानाही हे घडू शकतं. रानजाईंच्या मुद्द्याला त्याने बळच मिळतं. तिथेही घरचे लोक आणि स्टाफ बोलत होते.

अजून एक फरक. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये केअररची वैयक्तिक नोंदणी असते. नर्सला जसं रजिस्टर असतं तसं. इंग्लंडमध्ये केअररला ती नाही. एका होममधून वाईट वागणुकीसाठी काढलेला माणूस दुसऱ्या होममध्ये लागू नये यासाठी तिथे भिस्त डीबीएसच्या (गुन्ह्यांची नोंद बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तपासणीवर आणि रेफरन्सवर. आणि उलट बाजूने, चांगल्या केअररला स्वतःच्या नावावर दाखवायला काही नाही. नोंदणी असेल तर 'माझ्या व्यावसायिक जबाबदारीप्रमाणे मला हे कळवणं भाग आहे' असं तो म्हणू शकतो. मालकासमोर उभं राहायला तेवढा आधार मोठा आहे.

रानजाई

आभाळवाट, शेवटचा मुद्दा फार मोलाचा. नर्सला बोलायचं बळ तिच्या पिननंबरमधून, म्हणजे नोंदणी क्रमांकातून येतं. केअररला मात्र 'तू कोण विचारणारी' असं ऐकावं लागतं. नोंदणीची फी पगारातून कापू नये एवढी अट घालून मी या मागणीला पाठिंबा देईन.

ताजी माहिती म्हणून: ऑक्टोबर २०२५ मध्ये सीक्यूसीने बदलांवर लोकांची मतं मागवली. सगळ्यांना एकच चौकट हा प्रयोग मागे घेऊन क्षेत्राप्रमाणे वेगळ्या चौकटी करायच्या, गुणांची बेरीज सोडायची, चांगलं आणि वाईट म्हणजे काय याची स्पष्ट वर्णनं परत आणायची, असा रोख आहे. हॉस्पिटल, मेंटल हेल्थ, प्रायमरी केअर, ॲडल्ट सोशल केअर अशा क्षेत्रांसाठी चीफ इन्स्पेक्टरही पुन्हा नेमलेत. हे सगळं बरोबर दिशेने आहे, मनापासून म्हणते.

पण त्याच सुमाराला सरकारने हेल्थवॉच बंद करायचं ठरवलंय, आणि फ्रान्सिस यांच्या शिफारशीतून आलेलं नॅशनल गार्डियनचं कार्यालयही. हेल्थवॉचचे स्थानिक स्वयंसेवक केअर होममध्ये जाऊन गप्पा मारायचे, त्यांना आत येऊन बघायचा अधिकार होता. नॅशनल गार्डियनचं काम म्हणजे बोलणाऱ्या स्टाफच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या गार्डियनना बळ देणं. ही कामं एनएचएस, काउन्सिल आणि सीक्यूसी यांच्यात वाटणार म्हणतात. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच कार्यालयात बोलायची खिडकी, असं व्हायला नको. याला माझा ठाम विरोध आहे.

पाणकणीस

मी बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज आयडी काढून लिहिते. मी केअररच्या व्हिसावर आहे, डोमिसिलरीमध्ये, म्हणजे घरोघरी जाऊन काम. रोटावर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) दोन केअररची भेट लिहिलेली असते, प्रत्यक्षात मी एकटीच जाते आणि ॲपवर दुसरीच्या नावाने लॉगिन करायला सांगतात. आजोबांना एकटीने उचलताना एक दिवस ते पडतील किंवा माझी पाठ जाईल. प्रवासाचा वेळ पगारात धरत नाहीत. बोलले तर 'स्पॉन्सरशिप काढू' म्हणतात. नवऱ्याची नोकरी आणि मुलीची शाळा माझ्या व्हिसावर आहे. रानजाई ताई, मी कुठे सांगू शकते का? नाव न देता?

रानजाई

पाणकणीस, लिहिलंस ते फार बरं केलंस. कंपनीचं नाव इथे लिहू नकोस, मला मेसेजमध्येही नको.

सीक्यूसीला नाव न देता कळवता येतं. नाव देऊन गुप्त ठेवा असंही सांगता येतं. दुसरा पर्याय जास्त उपयोगी, कारण मग ते पुढचे प्रश्न विचारू शकतात. कंपनी लहान असेल आणि त्या आजोबांकडे तू एकटीच जात असशील तर फक्त त्यांच्याबद्दल लिहू नकोस. 'दोन जणांच्या भेटी एकटीने कराव्या लागतात आणि खोटं लॉगिन होतं' असं सगळ्या भेटींबद्दल लिही, म्हणजे बोट तुझ्याकडे वळणार नाही. सीक्यूसीला कळवणं १९९८ च्या पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर ॲक्टखाली येतं, त्यासाठी त्रास दिला तर दाद मागता येते.

त्या भेटींचे पैसे काउन्सिल देत असेल तर काउन्सिललाही सांग. दोन केअररचे पैसे घेऊन एक पाठवणं ही त्यांची सरळ फसवणूक आहे, आणि माझ्या अनुभवात काउन्सिल पैशाच्या मुद्द्यावर लवकर हलते. प्रवासाच्या वेळेच्या पगाराबद्दल आधी एकासशी (ACAS, नोकरीतल्या वादांसाठीची सरकारी संस्था) फोनवर बोल, फुकट सल्ला मिळतो. धमकी, कागदपत्रं काढून घेणं, पैसे मागणं असं काही असेल तर गँगमास्टर्स अँड लेबर अब्यूज अथॉरिटीचं काम एप्रिल २०२६ पासून ज्यांच्याकडे आहे ती फेअर वर्क एजन्सी.

रोज रात्री तारीख, वेळ, भेट किती जणांची होती आणि कोण गेलं, एवढं वहीत लिहून ठेव. पेशंटचं पूर्ण नाव लिहू नकोस, आद्याक्षरं पुरेत. रोटाचे स्क्रीनशॉट कंपनीच्या फोनवर ठेवू नकोस. दुसरीच्या नावाने लॉगिन करायला सांगणारा मेसेज असेल तर तो जपून ठेव.

स्पॉन्सरशिपबद्दल खरं काय ते सांगते, खोटा धीर देणार नाही. कंपनीचं लायसन्स गेलं तर ६० दिवसांचा प्रश्न येतोच. पण जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर आणणं बंद आहे, आणि एप्रिल २०२५ पासून स्पॉन्सर करू पाहणाऱ्या मालकांना आधी इथे असलेल्या, स्पॉन्सर गमावलेल्या केअररना घ्यायचा प्रयत्न करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक भागात काउन्सिलांच्या भागीदाऱ्या आहेत, त्या नवीन मालक शोधायला मदत करतात. तक्रार करण्याआधीच तिथे चौकशी करून ठेव. व्हिसाच्या प्रश्नावर मात्र माझं ऐकू नकोस, नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचार.

सह्यकडा

पाणकणीस, मी स्पॉन्सरशिप देणाऱ्या होमचा मॅनेजर आहे. तुझा भाग कोणता तेवढं मेसेजमध्ये कळव. तिथल्या भागीदारीत कोणाशी बोलायचं हे शोधून देतो, आणि आमच्याकडे किंवा ओळखीच्या होममध्ये जागा असेल तर तेही सांगतो. आजोबांच्या बाबतीत उद्यापासून एक कर: हॉइस्टला दोन जण लागतात असं केअर प्लॅनमध्ये असेल तर एकटीने वापरू नकोस. ऑफिसला मेसेज टाक, 'दुसरी केअरर आलेली नाही, मी थांबले आहे'. मेसेज लेखी असू दे, फोन नको.

पाणकणीस

मेसेज केला आहे दादा. केअर प्लॅनमध्ये दोन जणच लिहिलेत, आज फोल्डरमध्ये बघून घेतलं. वही आजपासून सुरू करते.